शालनकाकीची दाढ आणि कुर्लीचे डेंगे

आमच्या धंद्याची एक गंमत आहे. काम बिघडलं की पेशंट धावत येतो. काम चांगलं झालं की तो पुन्हा म्हणून फिरकत नाही. शिंप्याला आपण शिवलेला सदरा रस्त्यात दिसतो, सुताराला आपला दरवाजा येता-जाता भेटतो. दातांच्या डॉक्टरचं काम मात्र दोन ओठांच्या आड, जिभेच्या शेजारी बसून उकडा भात चावत असतं, आणि त्याचं पुढे काय झालं हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. जे कळतं ते फक्त वाईट. मालवणच्या बाजारात मी पंचवीसेक वर्षं लोकांना “आ करा” म्हणतो आहे. केवळ दवाखान्यात येणाऱ्या तोंडांवरून मत बनवायचं ठरवलं असतं, तर मी कधीच हा धंदा सोडून नारळाचा व्यापार सुरू केला असता.

त्यामुळे मला एक वाईट खोड लागली. मी लोकांच्या तोंडात डोकावतो. लग्नात, जत्रेत, मासळीच्या लिलावात. समोरचा खो खो हसला की त्याचा विनोद मला ऐकू येत नाही, मी त्याच्या वरच्या उजव्या दाढेकडे बघत असतो. दवाखान्यातली माझी सहायक नंदा म्हणते, “डॉक्टरानू, लोक तुमका बघून तोंड मिटतत. पोलिसाक बघूनसुद्धा इतके घाबरनत नाय.”

आज सांगायची आहे ती एका तोंडाची गोष्ट. ते तोंड माझ्यापासून वर्षानुवर्षं मिटून राहिलं, आणि मी त्याच्या मागे गणपतीगणिक हिंडलो.

कॅप म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं चावायला सोपं जाईल. किडलेल्या दाढेचं रूट कॅनाल झालं की ती आतून पोकळ आणि बाहेरून ठिसूळ होते. वाळवी लागलेल्या वाशासारखी: उभी असते, पण तिच्यावर भार टाकायची हिंमत होत नाही. मग तिला चहूबाजूंनी तासून वर टोपी बसवायची, तीच कॅप. पूर्वी आम्ही गुलाबी लगद्यात दाताचं माप घ्यायचो, डबीत घालून एसटीने घाटावरच्या लॅबला पाठवायचो आणि वाट बघत बसायचो. घाटात दरड कोसळली की मालवणात कुणाची तरी दाढ उघड्यावर पडायची.

मग माझ्याकडे यंत्र आलं. त्याचा छोटा कॅमेरा तोंडात फिरवला की दाढेचं चित्र पडद्यावर उमटतं. काँप्युटर तिचे शेजारी कोण ते बघतो, वरून चावायला कोण येतं ते बघतो आणि एक टोपी सुचवतो. मी तिचे उंचवटे-खळगे जरा मागेपुढे करतो. मग खडीसाखरेच्या चांगल्या मोठ्या खड्याएवढा सिरॅमिकचा ठोकळा यंत्रात लावायचा. हिऱ्याचे कण बसवलेल्या दोन बारीक कानशी पाण्याच्या फवाऱ्यात तो दोन्हीकडून कोरायला लागतात, आणि निवांत चहा होईतो दाढ तयार. यंत्राला पुढून काच होती. ती मी मुद्दाम वेटिंग रूमच्या दिशेने ठेवली होती. मला नाटकाची हौस, लपवून काय करू? कोरणं सुरू झालं की मी मधला पडदा सर्रकन बाजूला करायचो. बाकावरची माणसं ठणका विसरून उठून उभी राहायची. नंदा विचारायची, “तिसरी घंटा मी वाजवू काय?”

त्या नाटकाची पहिली नायिका शालनकाकी. खाडीकाठच्या वाडीतली. नवरा भिकूकाका मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कारभारी. समुद्रावर त्याचं चालायचं आणि घरी काकीचं. काकी तेव्हा पन्नाशीला टेकलेली, आवाज असा की वाऱ्याविरुद्ध उभी राहून होडीतल्या माणसाशी बोलेल. खालच्या जबड्यातल्या दाढा एकेक करून गेलेल्या, उजवीकडे एकच उरलेली. आणि तीही अर्धी मोडून ती माझ्यासमोर बसली होती.

“कशानं मोडली?”

“कुर्लीच्या डेंग्यान,” असं तिने सांगितलं, जणू दुसऱ्या कशाने दात मोडतात हे तिला ठाऊकच नव्हतं.

कुर्ली म्हणजे खेकडा आणि डेंगा म्हणजे त्याची जाडजूड नांगी. तिच्या आतला गर म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचं अर्धं अध्यात्म. तो डेंगा दाढेखाली धरून फोडायचा ही आमची रीत. ताटाशेजारी अडकित्ता घेऊन बसणारा माणूस पाहुणा असतो किंवा माझा पेशंट.

“डॉक्टरानू, कायव करा,” काकी म्हणाली, “पण माका कवळी नको.”

“कवळी काय वाईट नसते, काकी.”

“तुमका काय म्हायत? माझ्या आवशीक होडीतसून उतरताना शिंक इली, नि कवळी खाडयेत गेली. दुसरी केली, ती बसाकच नाय. मगे मरेपर्यंत पेज. चुलीर बांगडो भाजूक घातलो की ती भिंतीकडे तोंड फिरवी. मीच भरवलंय तिका पेज. माका तशे दिवस नकोत.”

आवस म्हणजे आई. आणि काकीच्या जबड्याचं हाड इतकं झिजलेलं होतं की स्क्रूचा दात बसवायचाही भरवसा नव्हता. ही दाढ गेली की खाली चावायला काहीच नाही, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. आणि नव्या यंत्रावरचं माझं ते पहिलं काम होतं. हात कापत होते असं सांगत नाही, पण नंदाने त्या दिवशी मला दोनदा विचारलं, “एसी कमी करू काय?”

तेव्हाच्या कॅमेऱ्याला दात चकाकलेला चालत नसे, म्हणून आधी त्यावर पांढरी पूड फवारायला लागायची. काकीने आरशात बघितलं. “पावडर कित्याक? दाढ खंय लग्नाक चल्ली हा?”

वेटिंग रूममध्ये हशा. मग यंत्र सुरू झालं, पडदा सरकला, माणसं गोळा झाली. कोरणं संपलं, मी दार उघडून नवी दाढ चिमट्यात धरून काकीपुढे नेली, आणि तिचा चेहरा उतरला.

ती दाढ जांभळी होती.

हे सिरॅमिक कोरायला सोपं जावं म्हणून आधी कच्चं ठेवलेलं असतं, आणि कच्चं असताना ते जांभळट दिसतं. छोट्या भट्टीत भाजलं की ते पक्कं होतं आणि दाताच्या रंगावर येतं. हे मी आधी सांगायला हवं होतं. पण आधी सांगितलं तर नाटक कुठे राहिलं?

“अगो बाये! जांभळी? जांभूळ बसयतास काय माझ्या तोंडात?” काकी खुर्चीतून उठायला लागली. “भिकू तांडेल माका घरात घेवचो नाय!”

मी दाढ भट्टीत ठेवली. आता वेटिंग रूममधला एकही माणूस घरी जायला तयार नव्हता. भट्टी उघडली, ट्रे बाहेर आला, आणि निवत निवत ती दाढ हस्तिदंतासारखी पिवळसर पांढरी झाली. मागून एका म्हाताऱ्याने टाळ्या वाजवल्या. मी वाकून नमस्कार केला. खोटं कशाला बोलू, नाटकातल्या सवयीने केला.

दाढ चिकटली, निळ्या प्रकाशाने सिमेंट घट्ट झालं, काकीने दात एकमेकांवर आपटून पाहिले. मग तिने विचारलं, “कितकी वर्सा टिकतली? खरा सांगा.”

पुस्तकं चांगलं सांगत होती. पण पुस्तकातली माणसं पाव खाणारी. त्यांच्या ताटात कुर्ली नाही, सुकी मासळी नाही, तोंडात सुपारी नाही.

“काकी, खरा सांगू? हयसरच्या तोंडात किती टिकतली, ता माका म्हायत नाय. तू दर गणपतीक माका दाखव. मगे दोघांकाय कळतला.”

आणि तीन नियम घातले. डेंगा फोडायचा नाही, सुपारी फोडायची नाही, रोज रात्री दाढेच्या कडेने फ्लॉसचा धागा फिरवायचा. दवाखान्यात गणपतीची तसबीर आहे. काकीने तिच्याकडे हात केला. “गणपतीची शपथ. डेंग्याक दात लावूचंय नाय.”

गणपतीच का, तर आमच्याकडे वर्षात एकदाच सगळी तोंडं गावात असतात. मुंबईचे चाकरमानी येतात, लेकी येतात, बोटीवरचे येतात, आणि घरोघरी दर्शनाला जायची रीत असल्याने कुणाच्याही घरात शिरायला निमित्त लागत नाही. मी खिशात छोटा आरसा आणि बॅटरी घेऊन निघतो. गणपतीवरच्या लाकडी माटवीला टांगलेली फळं बघतो, देवाला हात जोडतो, आणि मग यजमानांकडे वळून म्हणतो, “आ करा.” एका घरात आरती चालू असताना यजमान मोठ्याने गात होता, तेव्हाच माझं बघून झालं. देवाने रागावू नये. त्याचाही एक दात मोडलेला आहे, त्याला समजेल.

या फेऱ्यांनी आणि परत आलेल्या तोंडांनी मला जे शिकवलं ते पुस्तकांनी शिकवलं नसतं. नांदगाव स्टेशनात गाडी उशिरा होती, तिथे एका चाकरमान्याची कॅप प्लॅटफॉर्मवर तपासली, तर मागे रांग लागली. लोकांना वाटलं फुकट शिबिर आहे. मी सगळ्यांची तोंडं बघितली. गाडी आली तेव्हा शेवटची आजी म्हणाली, “थांबवा रे तिका, माझा रवला!”

पिंगुळीचा एक कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारा. त्याच्या पुढच्या दोन दातांत फट होती. त्यातला एक मोडला. मी काँप्युटरने सुचवलेला, फट बुजवणारा देखणा दात बसवला. पंधरवड्याने तो आला तो रडवेल्या चेहऱ्याने. “डॉक्टरानू, माझो राक्षस हरवलो.” त्याच्या राक्षसाचा फूत्कार त्या फटीतून येत असे. देखण्या दाताने राक्षसाला सज्जन केलं होतं. मी नवीन दात कोरला, मुद्दाम अरुंद, फट ठेवून. खुर्चीतच त्याने आरोळी ठोकली. बाहेर बसलेली एक बाई दाढदुखी घेऊन तशीच घरी गेली.

आणि पडझडही सांगायला हवी. शिरोड्याचा एक घरगुती खाणावळ चालवणारा गृहस्थ काडेपेटीत कॅप घेऊन आला. कॅप लख्ख, नवी कोरी. आत मोडलेल्या दाताचा खुंट अडकलेला. काठाशी कीड शिरली होती, त्याला कळली नाही आणि मलाही दिसली नाही, कारण तो मधल्या वर्षांत आलाच नव्हता. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो: यंत्राची टोपी सहसा जात नाही हो, टोपीखालचं डोकं जातं. सिरॅमिकला कीड लागत नाही. कीड लागते ती टोपी आणि दात यांच्या सांध्याला. ती कॅप मी टेबलावर ठेवली आहे. कुणी “आता दातांत बघायचं काय राहिलं?” म्हणालं, की त्याच्या हातात देतो.

शालनकाकीने पहिली काही वर्षं शपथेप्रमाणे तोंड उघडलं. दाढ उत्तम. मग एका गणपतीला मी “आ करा” म्हणायच्या आत तिने माझ्याच तोंडात मोदक घातला आणि स्वतःच्याही. “परसाद खाताना तोंड दाखवूचा नसता,” असं मोदकाआडून म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या वर्षी मी नेमका ऋषिपंचमीला पोचलो. त्या दिवशी बायका नांगरटीचं धान्य खात नाहीत. काकी म्हणाली, “आज बैलाच्या कष्टाचा पण चलत नाय, तुमचा लोखंड कसा चलतला?” त्याच्या पुढच्या वर्षी, “आरती म्हणान म्हणान जबडो धरलो हा, उघडणा नाय.” हे तिने अशा आवाजात सांगितलं की पलीकडच्या वाडीतल्या कुत्र्याने कान टवकारले. मग करोना आला. त्या वर्षी काकी दारात मास्क लावून उभी, डोळ्यांत विजय. सरकारच तिच्या बाजूने होतं.

दवाखान्यात तर ती यायचीच नाही. धागा संपला म्हणूनही नाही.

मला आता झोंबायला लागलं. तिच्यानंतर मी शेकड्यांनी दाढा बसवल्या होत्या. पण पहिली ती पहिली. ती टिकली की नाही, हे मला कुणाला विचारायचीही सोय नव्हती. भिकूकाका तर भोळा. त्याने समुद्र सोडला त्याच सुमारास दातही सोडले. त्याची कवळी मीच केली. कवळी दाखवायला आला की मी विचारायचो, “काकीची दाढ कशी?” तो म्हणायचा, “बरी आसा. तुमची आठवण काढता.” म्हणजे काय समजायचं?

नंदाने निकाल देऊन टाकला. “ती दाढ गेली आसतली, डॉक्टरानू. गेलेल्या माणसाची नि गेलेल्या दाताची चौकशी करूची नसता.”

गेल्या गणपतीत काकीने मला दर्शन दिलं ते पदर तोंडावर धरून. कारणही सांगितलं नाही. आता मात्र तिच्या डोळ्यांत विजय नव्हता. मी निघालो. अंगणात भिकूकाका म्हणाला, “उद्या विसर्जन. परवा खाडयेतल्या कुर्ल्यो हाडतंय. जेवक येवा.”

आतून काकीचा आवाज फुटला. “अहो, डॉक्टरांका परवा दवाखानो आसतलो!”

“हो, दवाखाना आहे,” मी म्हणालो. “नाही जमायचं.”

श्रावण आणि गणपती मिळून आमच्याकडे माशांचा इतका उपास घडतो की विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी अख्ख्या किनाऱ्यावर एकच वास असतो. त्या दुपारी मी दवाखाना नंदावर सोपवला आणि काकीच्या घरी गेलो. पुढल्या दाराने नाही, मागीलदाराने. नाटकात प्रवेश कुठून करायचा याला महत्त्व असतं.

माडाखालून जाताना स्वयंपाकघरातून आवाज आला. कट्ट!

तो आवाज मी झोपेतही ओळखीन. थोड्या वेळाने पुन्हा. कट्ट!

दोघं पाटांवर समोरासमोर जेवत होती. भिकूकाकाच्या ताटात डेंग्यांच्या पांढऱ्याशुभ्र गराचा ढीग, काकीच्या ताटात कवचांचा. आणि काकीच्या उजव्या गालात, माझ्या पहिल्या दाढेखाली, एक भलामोठा डेंगा.

काकीने मला बघितलं. डेंगा तोंडात, हात हवेत. मी नाटकवाला माणूस, पण असा स्तब्ध क्षण मला रंगमंचावर कधी साधला नाही.

काकाला मात्र आनंद झाला. “येवा येवा, डॉक्टरानू! नाय म्हणान इल्यात! बघा तुमच्या मशीनीच्या दाताची कमाल. हिका तुमीच सांगल्यात ना, वापरीत रव, नायतर गंजतलो म्हणान?”

“मी?”

“होय तर! तुमचा ऐकान ती माका रोज फोडून देता.”

काकीने डेंगा तोंडातून काढला आणि ताटात ठेवला. मी मोठ्या आवाजात सुरुवात करणार होतो. गणपतीची शपथ, तीन नियम, सगळं भाषण तयार होतं. पण ती खाली बघून म्हणाली, “काढतल्यात काय?”

“काय काढू?”

“दाढ. मोडली हा ती. डेंगो फोडताना एक दिवस वेगळोच आवाज इलो नि तुकडो हातात इलो. कितके गणपती झाले ता आता म्हायत नाय. रोज जिभेक लागता. तुमका दाखवलंय तर तुमी ती काढतल्यात नि कवळी देतल्यात.” मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. तो इतका बारीक होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “आवशीसारखी मी पण भिंतीकडे तोंड करून बसतलंय.”

भिकूकाकाचा घास हातात राहिला. “तुका त्रास होता, नि तू माका फोडून देतंस? सांगूक नाय गो माका?”

“सांगला असता तर डेंगे तुमच्या घशाखाली उतरले असते काय?”

काकाने ताट पुढे सरकवलं. तो आपल्या ताटातल्या त्या पांढऱ्या ढिगाकडे बघत राहिला.

मी हात धुतले. काकीला चूळ भरायला लावली आणि मागीलदारी पायरीवर उन्हाकडे तोंड करून बसवलं. खिशातून आरसा काढला. या बाईने “आ” केलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले होते, आणि मलाही मिटावेसे वाटत होते.

दाढ जागच्या जागी होती. मी ती हलवून पाहिली, टकटक केलं. हलेना. जिभेकडच्या कोपऱ्याचा एक टवका उडालेला होता, तिळाएवढा. जिभेला तो डोंगराएवढा लागतो, हे प्रत्येकाला आपल्या तोंडावरून ठाऊक असेल. त्या टवक्याखालीही सिरॅमिकच होतं, अखंड, कुठे तडा नाही. मग मी खरी भीती असते तिकडे वळलो, सांध्याकडे. आरसा कडेने फिरवला. कीड नाही, खाच नाही, हिरडी गुलाबी आणि घट्ट. इतकी स्वच्छ कड मी माझ्या स्वतःच्या तोंडात बघितलेली नाही.

“काकी, धागा संपल्यावर तू काय केलंस?”

“ह्यांच्या जाळयाचो बारीक दोरो. उकळत्या पाण्यात घालून.” डोळे अजून मिटलेलेच. “हळू फिरवतंय. रोज. दोनदा. म्हटला, डेंग्याची शपथ मोडली, दोऱ्याची तरी पाळूया. देव निम्मो तरी पावात.”

देव पूर्ण पावला होता. चोरी पकडली जाईल या धाकाने बाईने दाढ अशी राखली होती, की शहाण्यासारखी वागली असती तर राखली नसती. (जाळ्याचा दोरा हिरडी कापतो, वाचकांनी कृपया दुकानातला धागाच वापरावा.)

“ही दाढ मोडलेली नाही,” मी म्हणालो. “एक कोपरा खरचटलाय. उद्या ये, घासून गुळगुळीत करतो. चहा निवायच्या आत होईल. काढायची नाही, कवळी नाही, काही नाही.”

काकीने डोळे उघडले. आधी माझ्याकडे, मग दारात उभ्या काकाकडे बघितलं. आणि पदरात तोंड घालून अशी रडली की शेजारीण कुंपणापाशी आली. भिकूकाकाने तिला सांगितलं, “काय नाय गो, दाढ बरी आसा म्हणान रडता.” शेजारणीला ते अगदी पटलं.

सावकाश जेवायला बसलो तेव्हा मी विचारलं, “दगडानं का फोडत नाहीस? वरवंटा आहे घरात.”

“दगडान फोडल्यार कवच आत घुसता. ता ह्यांच्या कवळयेखाली जाता नि हिरडी सोलता. दाताक कळता खंय थांबूचा ता. दगडाक कळना नाय.”

मी घास घ्यायचा थांबलो. तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. दाताचं मूळ हाडात रोवलेलं नसतं, बारीक तंतूंच्या झोळीत टांगलेलं असतं. भातातला खडा, माशाचा केसाएवढा काटा, सगळं त्या तंतूंना कळतं. रूट कॅनालमध्ये आतली नस जाते, पण ही झोळी राहते. म्हणून कॅपखालचा दातही जाणता असतो. कवळी बिचारी हिरडीवर नुसती बसलेली, तिला यातलं फार थोडं कळतं. इतकी वर्षं मी माझ्या यंत्राचं कौतुक करत होतो, पडदे सरकवत होतो, वाकून नमस्कार करत होतो. यंत्राने टोपी फार सुंदर कोरली, यात शंका नाही. पण कवच फुटलं आणि गर चिरडला नाही, त्या बारीकशा क्षणी थांबणारं जे काही होतं, ते काकीचं स्वतःचं होतं. माझं काम एवढंच, की ते तिच्या तोंडात राहू दिलं. एवढं करायला मिळालं, याबद्दल त्या यंत्राचे, काकीचे आणि दवाखान्यातल्या तसबिरीतल्या देवाचे मी मनापासून आभार मानतो.

काकाने आपल्या ढिगातला अर्धा गर माझ्या ताटात लोटला. “खावा. शेवटचो. हेच्यापुढे ही डेंगे फोडूची नाय.”

मी खाल्ला. दुसऱ्याच्या दाताखालचं उष्टं मी एरवी खात नाही. पण त्यातला निम्मा दात माझाच होता.

दुसऱ्या दिवशी काकी आली, टवका घासून गुळगुळीत केला, आणि तिने जीभ फिरवून बघितली, पुन्हा फिरवली, आणि बाहेर बाकावर बसून उगाचच तासभर नंदाशी गप्पा मारत राहिली, तोंड भरभरून उघडून.

या वर्षी गणपतीला मी त्यांच्या अंगणात शिरलो तर काकी उंबऱ्यात उभी. हातात आरतीचं ताट, तोंड सताड उघडं. तसंच उघडं ठेवून बोटाने दाढेकडे खूण केली. मग म्हणाली, “आदी ह्या बघा. देव खंय जाणा नाय.”

बघितलं. मग देवाला हात जोडले.

विसर्जनानंतर जेवायला बोलावणं होतंच. या वेळी मी पुढल्या दाराने गेलो. भिकूकाका पाटावर मांडी ठोकून बसला होता, हातात बोटीच्या इंजिनाच्या पेटीतली पक्कड, घासून चकचकीत केलेली. कट्ट. फुटलेला डेंगा त्याने सोलला, चेंगरलेला गर बोटांनी गोळा केला आणि काकीच्या ताटात ठेवला.

“चेंगारलात परत,” काकी म्हणाली. तिने गरातला कवचाचा तुकडा वेचून बाजूला टाकला, मग दुसरा, मग तिसरा. “पकडीक कायव कळना नाय.”

“शिकतलंय,” काका म्हणाला आणि पुढचा डेंगा उचलला.

काकीने तो गर उजव्या गालात घेतला आणि सावकाश, डोळे मिटून चावायला लागली.